शेवटच्या घराचा शेरा

बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत पालकसभा भरली असता मागच्या भिंतीशी गुपचूप जाऊन बसावे आणि जमलेल्या मंडळींकडे ओळीने नजर टाकावी, म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. ज्यांची मुले नेमाने शाळेत येतात, ज्यांच्या घरी वहीपेन्सिलीची वानवा नाही, ज्यांनी मुख्याध्यापकांची रस्त्यात गाठ पडली तरी चार शब्द बोलून मुलाच्या अभ्यासाची चौकशी केलेलीच असते, असे आईबाप सतरंजीवर पुढे बसलेले असतात. आणि ज्या मुलाच्या नावापुढे हजेरीपटात महिनाभर फुल्या पडल्या आहेत, ज्याच्याविषयी बाईंना खरोखरच कोणाशी तरी बोलावयाचे आहे, त्याच्या घरचे मात्र कोणीही आलेले नसते. निरोप सर्वांना एकच गेलेला असतो, चहाही सर्वांसाठी ठेवलेला असतो. तरीसुद्धा वैद्याच्या दारी निरोगी माणसांची रांग लागावी आणि रोगी घरीच पडून राहावेत, तसा हा प्रकार घडतो. आणि तो एका गावी नव्हे, तर जवळजवळ सर्वत्र घडतो.

शाळांनी आणि अंगणवाड्यांनी कुटुंबांना जवळ करावे, त्यांना आधार द्यावा आणि जी संस्था हे काम चांगले करील तिचा सरकारदरबारी गौरव व्हावा, ही कल्पना आता आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. प्रमाणपत्रे, मानचिन्हे, आदर्श अंगणवाडी सेविकेचे सत्कार आणि लाखांच्या रकमेची बक्षिसे यांची रेलचेल आहे. तथापि या गौरवाने वरचे कोडे सुटते, की ते अधिकच झाकले जाते, हे पाहावयाचे असेल, तर घर आणि शाळा यांच्यामध्ये नेमके काय चालते आणि बक्षीस नावाच्या यंत्राची कळ कोठे असते, या दोन गोष्टी उलगडून पाहाव्या लागतील.

आठशे तासांचा हिशेब

बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा जो कायदा २००९ साली संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाकाठी किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवले गेले पाहिजे, असे ठरवून दिलेले आहे. आता वर्षाचे एकंदर तास होतात ८,७६०. लहान मूल रोज दहा तास झोपते असे धरले, तर त्यातले ३,६५० तास झोपेत गेले आणि जागेपणी ५,११० उरले. म्हणजे शाळेने एकही दिवस वाया न दवडता सारे ८०० तास इमानेइतबारे शिकवले, तरी मुलाच्या जागत्या आयुष्याचा सहावा हिस्साही तिच्या वाट्यास पुरता येत नाही. उरलेले पाच हिस्से ओसरीवर, शेताच्या धुऱ्यावर, आजीच्या मांडीवर आणि गल्लीतल्या पोरांत जातात.

दुधाचे दही होते तेव्हा विरजण लावण्याचे काम क्षणाचे असते, पण पुढे रात्रभर भांडे उबेत राहावे लागते. ऊब नसेल, तर कितीही उत्तम विरजण लावले तरी सकाळी दूधच हाती येते. शाळा विरजण लावते, ऊब घरची असते. ही ऊब म्हणजे घरी पुस्तकांचे कपाट असणे किंवा आईने बेरजा शिकवणे नव्हे. भाजी निवडताना मुलाशी बोलणे, त्याने विचारलेल्या प्रश्नाला ‘गप बस’ यापलीकडचे काही उत्तर देणे, बाजारातून आणलेले सुटे पैसे त्याला मोजावयास सांगणे, आज शाळेत काय झाले ते ऐकून घेणे, अशा अगदी बिनखर्ची गोष्टींची ती बनलेली असते. मूल शब्द शिकते ते ऐकून आणि बोलून. ज्याने पाच वर्षांत पुष्कळ शब्द ऐकले आहेत त्याला पहिलीतले पुस्तक ओळखीचे वाटते, आणि ज्याने थोडे ऐकले आहेत त्याला अक्षर आणि अर्थ ही दोन्ही ओझी एकदम उचलावी लागतात.

इंग्लंडात २००३ साली चार्ल्स डेसफोर्जेस या शिक्षणशास्त्रज्ञाने, अल्बर्टो अबुशार याच्या साहाय्याने, तोवर झालेल्या संशोधनाचा एक मोठा आढावा सरकारला सादर केला. आईबाप घरी मुलाशी कसे वागतात व बोलतात याचा त्याच्या प्रगतीवर भरीव परिणाम होतो, परंतु आईबापांनी शाळेच्या कार्यक्रमांना हजर राहण्याचा परिणाम जवळजवळ दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. सतरंजीवरच्या डोक्यांची मोजदाद करून पालकसहभाग ठरवणाऱ्या आपल्या पद्धतीला हा निष्कर्ष मुळीच सोयीचा नाही.

दुसरे उदाहरण जमैका बेटावरचे. तेथे १९८६-८७ च्या सुमारास सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी किंग्स्टन शहरातील, वाढ खुंटलेल्या १२९ तान्ह्या बालकांवर एक प्रयोग सुरू केला. त्यांतील काही बालकांच्या घरी साधारण शिक्षण झालेली आरोग्य सेविका आठवड्यातून एकदा, तासभर जाई, घरगुती वस्तूंपासून केलेली खेळणी बरोबर नेई आणि मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे आईला करून दाखवी. दोन वर्षांनी भेटी थांबल्या. वीस वर्षांनी त्या बालकांचा पुन्हा शोध घेतला, तेव्हा ज्यांच्या घरी या भेटी झाल्या होत्या त्यांची कमाई, तशाच पण भेटींविना वाढलेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक असल्याचे आढळले. मुलाचे खेळणे तर त्या तासाबरोबर संपत होते. आईच्या हाती आलेली रीत मात्र सेविका गेल्यावरही घरातच राहत होती, आणि या साऱ्याचे मर्म तेच आहे. महाराष्ट्रातील एकात्मिक बालविकास सेवेने युनिसेफ आणि सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था यांच्या सहकार्याने ‘आरंभ’ नावाचा जो उपक्रम अंगणवाड्यांतून चालवला, त्याची बैठक हीच होती: तीन वर्षांखालील मूल, गृहभेट आणि पालकमेळाव्यात आईबापांना करून दाखवलेले खेळ.

रोज बुडतो, म्हणून

घरची ऊब इतकी मोलाची आहे, तर मग त्या घरातले माणूस शाळेत का येत नाही? याची उत्तरे नेहमी ‘पालकांत जागृती नाही’ या एका वाक्यात गुंडाळली जातात, आणि मला ते वाक्य आळशी वाटते.

पहिले कारण जिल्ह्याच्या पीकपाण्यात आहे. बुलढाणा हा वऱ्हाडचा जिल्हा; २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या २५,८६,२५८ भरली, आणि तीतील बहुतांश वस्ती खेड्यांत राहणारी. येथे सोयाबीनची सोंगणी सप्टेंबरअखेर सुरू होते, तिच्या पाठोपाठ कापसाची वेचणी येते आणि ती हिवाळाभर पुरते. वेचणी करणाऱ्या बाईला मजुरी मिळते ती वेचलेल्या कापसाच्या वजनावर, किलोच्या भावाने. अकरा वाजता सभेला यावयाचे म्हणजे सकाळचा दहिवर सुकल्यावर ज्या वेळात हात भराभर चालतो, तोच वेळ घालवावयाचा. ‘मिटिंगले आलो त रोज बुडते’ असे ती म्हणते तेव्हा ती सबब सांगत नसते, हिशेब सांगत असते. गुरुजींना सभेच्या दिवसाचा पगार मिळतो, आईला मात्र सभेसाठी स्वतःच्या खिशातून मोजावे लागते, ही विषमता सभेची वेळ ठरवताना क्वचितच कोणाच्या लक्षात येते.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. सावकाराचा वा सोसायटीचा तगादा ज्याने अनुभवला आहे, त्याला कचेरीतून आलेले कोणतेही बोलावणे शुभ वाटत नाही. शाळेचा निरोप तर बहुधा तक्रारीचाच असतो: पोराने मारामारी केली, आधार कार्ड आणले नाही, बँकेचे खाते उघडले नाही. ज्या बापाने चौथीतच शाळा सोडली, त्याने त्याच बाकावर बसून इतरांदेखत आपल्या पोराची उणीदुणी ऐकावयाची आणि शेवटी नोंदवहीत अंगठा उठवावयाचा, हा प्रसंग टाळण्याचा शहाणपणा त्याच्यापाशी असतो, एवढेच. मुलाने काही चांगले केले म्हणून घरी निरोप गेला, असे वर्षातून किती वेळा घडते, याची एखाद्या शाळेने प्रामाणिकपणे नोंद ठेवून पाहावी.

तिसरे कारण भाषेचे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी गावे आहेत, दक्षिणेकडे मेहकर-लोणार भागात बंजारा तांडे आहेत. तेथे घरात कोरकू वा गोरमाटी बोलली जाते. सभेतले प्रमाण मराठी भाषण त्या आईच्या कानांवरून वाहून जाते, आणि पुढच्या वेळी ती येत नाही.

अंगणात गेलेली शाळा

हे कोडे नवे नाही, आणि त्याचे सर्वांत मार्मिक उत्तरही आपल्याकडेच, ऐंशी वर्षांपूर्वी दिले गेलेले आहे. ते देणाऱ्या ताराबाई मोडक यांच्या संसाराची काही वर्षे अमरावतीस गेली, म्हणून वऱ्हाडाला त्यांच्यावर थोडा हक्क सांगता येतो. पुढे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरास बालशिक्षणाचे कार्य करून, शहरातील सुस्थितीतल्या मुलांसाठी चालणारी बालमंदिरे खेड्यातल्या दरिद्री मुलांच्या उपयोगाची करावयाची, या निश्चयाने त्यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गावात बालवाडी उघडली, पण वस्तीवरची मुले तिच्याकडे फिरकेनात. तेव्हा या बायांनी जागृतीचे व्याख्यान दिले नाही. त्या बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. तेथे मुलांची नखे काढली, तोंडे धुतली, गाणी म्हटली, दगडगोटे व बिया मांडून मोजणी शिकवली, आणि हे सारे घरकाम करणाऱ्या आयांच्या डोळ्यांसमोर झाले. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी कागदांवर इतका झिजला आहे की त्यातले अंगण कोणाचे, हे आपण विसरलो आहोत. ते शाळेचे नव्हते, कुटुंबाचे होते.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम करताना त्यांना आणखी एक अडचण दिसली. थोरली बहीण शाळेत येत नव्हती, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड होते. यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ केली, म्हणजे कडेवरचे मूल पाळणाघरात आणि बहीण वर्गात. आणि जी मुले गुरे राखावयास जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा काढली. शिक्षक गुरांमागून कुरणात गेला. कुटुंबाचे अर्थकारण जसे आहे तसे मान्य करून शाळेने आपला आकार बदलावयाचा, ही त्यामागची रीत होती. पालकसहभागाची मी याहून नेमकी व्याख्या वाचलेली नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा महाराष्ट्रात तिच्यासाठी जी ठिकाणे निवडली त्यांत मुंबईची धारावी आणि आपल्या शेजारच्या मेळघाटातील धारणी यांचा समावेश होता. आज राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. योजनेच्या सहा सेवांपैकी पूरक आहार, लसीकरण, तपासणी या सेवा सर्वांना ठाऊक असतात. स्त्रियांना आरोग्य व आहाराचे शिक्षण देणे ही सेवाही त्याच सहांत आहे, हे मात्र सांगावे लागते. आहाराचे वजन करता येते, लस टोचलेली दिसते. आईशी झालेल्या संभाषणाचे वजन कोणत्या काट्यावर करावयाचे?

काटा आणि ओला कापूस

या प्रश्नाने आपण बक्षिसाच्या यंत्रापाशी आलो. खामगावच्या कापूसबाजाराची ख्याती जुनी आहे, तेव्हा दृष्टांत तेथलाच घेऊ. कापूस काट्यावर वजनाने विकला जातो. व्यापाऱ्याला खरे तर लांब धाग्याची, स्वच्छ, कोरडी रुई हवी असते, पण काट्याला धागा कळत नाही, त्याला केवळ भार कळतो. म्हणून कोणी चतुर माणूस गाडी भरताना कापसावर पाणी शिंपडतो. काटा खोटे बोलत नाही, वजन खरोखरच वाढलेले असते, आणि रुई मात्र बिघडलेली असते. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली पैशाच्या पुरवठ्याविषयी लिहिताना हेच तत्त्व मांडले: जे माप नियंत्रणासाठी वापरू लागावे, त्या मापाचा भरवसा सुटू लागतो. शेतकऱ्याला हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञाची गरज नव्हती.

शाळांच्या मूल्यमापनात पालकांना स्थान नाही असे मात्र नाही. राष्ट्रीय पातळीवर २०१५ साली ‘शाळासिद्धी’ नावाची जी स्वयंमूल्यमापनाची चौकट आली, तिच्या सात क्षेत्रांपैकी सातवे क्षेत्र समाजाच्या सहभागाचेच आहे, आणि शाळेने स्वतःला तीन पातळ्यांपैकी कोणत्या पातळीवर धरावयाचे हे तीत ठरवावयाचे असते. शिक्षणहक्काच्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आवश्यक केली. तीत तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया. पुढे ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ हे अभियान आले. त्याच्या पहिल्या टप्प्यात १०० गुणांपैकी ६० गुण विद्यार्थीकेंद्रित उपक्रमांना, तर ४० गुण शाळा व्यवस्थापनाचे उपक्रम आणि विविध घटकांचा सहभाग यांना होते. तालुक्यात पहिल्या येणाऱ्या शाळेस ३ लाख आणि राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेस ५१ लाख रुपयांचे बक्षीस ठेवलेले होते.

बक्षिसाची निंदा करणे सोपे आहे. मी करणार नाही. त्याची काही कामे खरी आहेत. ज्या शिक्षिकेला दुपारनंतर वस्तीवर जाऊन चार घरी बसावयाचे आहे, तिला ‘वर्ग सोडून कोठे हिंडता?’ असे विचारणारा वरिष्ठ नेहमी भेटतो. गृहभेटीला गुण आहेत असे एकदा परिपत्रकात छापून आले, की त्याच हिंडण्याला अधिकृत मुभा मिळते. खेड्यातही बक्षिसाची हवा चालते. संत गाडगेबाबांच्या नावाने २०००-०१ पासून चाललेल्या ग्रामस्वच्छता अभियानात, ज्यांनी वर्षानुवर्षे हाती झाडू धरला नव्हता अशी गावेच्या गावे शेजारच्या गावाशी चढाओढ करून उठली, हे आपण पाहिलेले आहे. शाळेच्या फाटकाला रंग देण्याच्या निमित्ताने का होईना, ज्याने कधी उंबरा ओलांडला नव्हता तो रंगारी बाप आत येतो, आणि एकदा आत आलेला माणूस दुसऱ्यांदा येण्यास कमी कचरतो.

ओल्या कापसाची भीती मात्र खरी आहे, कारण गुणदानाचा काटा जे उचलू शकतो ते म्हणजे छायाचित्र, नोंदवही, सह्यांचा तक्ता आणि मेळाव्यांची संख्या. एका तपासणीच्या आदल्या दिवशी, गाव सांगत नाही, मागील सहा महिन्यांच्या सभांची इतिवृत्ते एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिली जात असताना मी समोर चहा पीत बसलो होतो. लिहिणारी शिक्षिका कामसू होती आणि तिने त्या सहा महिन्यांत कितीतरी आयांशी विहिरीवर, दळणाच्या रांगेत, बसथांब्यावर बोलणी केली होती, परंतु त्या बोलण्यांचे इतिवृत्त मागणारा रकानाच तक्त्यात नव्हता. खऱ्या कामाची नोंद नाही म्हणून खोट्या कामाची नोंद करावी लागते, असा हा मामला आहे.

चौकट : कुटुंबाला जवळ करणे म्हणजे काय काय?

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॉइस एपस्टाइन यांनी घर आणि शाळा यांच्या नात्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. आपल्या भाषेत ते असे मांडता येतील: मूल वाढवण्याच्या कामी घराला आधार देणे, निरोप दोन्ही बाजूंनी जाणे, म्हणजे घरचे शाळेला आणि शाळेचे घराला, आईबापांनी शाळेच्या कामाला हात लावणे, घरी शिकण्याला चालना देणे, निर्णयात वाटा देणे, आणि गावातील इतर साधनांशी, म्हणजे दवाखाना, ग्रामपंचायत, बचतगट यांच्याशी कुटुंबाची गाठ घालून देणे. आपल्याकडची बक्षिसे तिसऱ्या आणि पाचव्या प्रकारावर फिदा आहेत, कारण श्रमदानाचे छायाचित्र निघते आणि समितीचा ठराव होतो. पहिला व चौथा प्रकार घरात घडतात, म्हणून ते कागदावर येत नाहीत. आणि मुलाला सर्वाधिक उपयोग त्यांचाच होतो.

शीत कोठले उचलले?

शितावरून भाताची परीक्षा करावी, हे खरे. पण पातेल्याच्या वरच्या थरातले शीत उचलले आणि भात शिजला म्हणून सांगितले, तर बुडाशी करपले आहे की कच्चे राहिले आहे हे कळत नाही. परीक्षक मंडळी शाळेत येतात तेव्हा त्यांच्यापुढे बोलावयास येणारे पालक हे वरचे शीत असते. खाली पळी घालावयाची, तर परीक्षकाने हजेरीपट उघडून सर्वांत अधिक फुल्या ज्या नावापुढे आहेत ती पाच नावे काढावी आणि त्या पाच घरी, शिक्षकांना बरोबर न घेता, जाऊन बसावे. ‘शाळेतले कोणी तुमच्याकडे येऊन गेले काय? कशासाठी? तुमचे काही ऐकून घेऊन शाळेने काही बदलले काय?’ एवढे तीन प्रश्न पुरेत. गावाच्या टोकाला असलेल्या त्या शेवटच्या घराने जो शेरा दिला असेल, तो दप्तरातल्या शंभर सह्यांपेक्षा वजनदार मानावा, असे माझे मत आहे. आणि तो शेरा पाणी शिंपडून वाढवता येत नाही.

आणखी एक गोष्ट मोजता येण्यासारखी आहे, ती म्हणजे बदल. आधीच सधन वस्तीतल्या शाळेत ऐंशी पालक जमले, तर त्यात शाळेचे कर्तृत्व थोडे. तांड्यावरच्या शाळेत गतवर्षी दोन आया येत होत्या आणि यंदा अकरा येतात, तर तेथे कोणीतरी पुष्कळ काम केलेले आहे. गुण जर केवळ उंचीला दिले, तर डोंगरावर उभा असलेला माणूस नेहमी जिंकणार. चढण कोणी किती चढली, हे पाहावयाचे असेल तर गेल्या वर्षीचा आकडा शेजारी लिहावा लागतो, आणि ही सोय फार खर्चाची नाही.

सुदैवाने अशी साधने हळूहळू येऊ लागली आहेत. २०२२ पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ या नावाने पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांचे शाळापूर्व तयारी मेळावे भरतात. त्यात नावनोंदणीपासून पालकांच्या मार्गदर्शनापर्यंत सात मांडण्या असतात. मूल एकेका मांडणीवर उड्या मारते, वस्तू निवडते, मोजते, चित्राविषयी बोलते, आणि त्याची नोंद असलेले विकासपत्र आईच्या हाती दिले जाते. मग वाडीवाडीच्या आयांचे गट होतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, शाळा बंद असताना, त्या आपसात जमून मुलांकडून सोपे खेळ करवून घेतात. जूनमध्ये पुन्हा मेळावा भरतो आणि तेच मूल पुन्हा त्याच मांडण्यांवरून जाते. येथे दोन टोकांचे मोजमाप आहे, मध्ये घर आहे, आणि काम आईने केलेले आहे. विदर्भात ऊन कडक असल्याने शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिराने, जूनअखेरीस उघडतात, तेव्हा आयांना आठ-पंधरा दिवस अधिकच मिळतात म्हणावयाचे! या विकासपत्रांच्या दोन रकान्यांतील अंतर पाहूनच शाळेचा गौरव करण्याची पद्धत पडली, तर निदान गुण ओसरीवर पोचले असे म्हणता येईल.

मुदत आणि हंगाम

आता पंचांगाविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण बक्षिसाच्या योजनांत सर्वांत दुर्लक्षित गोष्ट तीच असते. ‘माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानाच्या पहिल्या टप्प्याची मुदत होती १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी २०२४. पुण्यामुंबईच्या शाळेला हे दिवस सोयीचे: परीक्षा दूर, हवा सुखाची, स्नेहसंमेलनांचा मोसम. बुलढाण्यात मात्र याच दिवसांत कापसाची शेवटची वेचणी आणि हरभऱ्याची राखण चालते; आणि सिंदखेड राजा, लोणार या भागांतून दसऱ्यानंतर कोयते घेऊन निघालेली जोडपी दूर कोठेतरी उसाच्या फडात असतात, कोणी वीटभट्टीवर असते. म्हणजे ज्या कुटुंबांना शाळेच्या आधाराची निकड सर्वांहून अधिक, ती गुणदानाच्या सबंध मुदतीत गावात नसतातच. त्यांच्या दाराला कुलूप असते आणि परीक्षक सभेतल्या मंडळींची मोजदाद करीत असतात. दुसरा टप्पा २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला, तेव्हा ही माणसे गावी होती, जरी निंदणाच्या चिखलात.

पण याच रिकाम्या दारांमागे शाळेचे सर्वांत कठीण काम चाललेले असते. आईबाप गेले आणि नातू आजीपाशी राहिला, तर त्याच्या दोन वेळच्या जेवणाची व संध्याकाळच्या अभ्यासाची सोय करणारी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आणि ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालवावयाची असते. कोणते घर केव्हा निघणार, मूल मागे ठेवणार की बरोबर नेणार, मागे ठेवल्यास आजीला झेपेल काय, ही चौकशी दसऱ्याच्या आधी, उचल घेतल्याची कुणकुण लागताच, घरोघर जाऊन करावी लागते. सभेत ती होत नाही, कारण उचल किती घेतली हे कोणी चारचौघांत सांगत नाही. आणि मूल बरोबर निघालेच, तर शिक्षण हमी पत्रक त्याच्या पिशवीत घालावे लागते, म्हणजे साखर कारखान्याजवळच्या शाळेत त्याला कोणत्या वर्गात बसवावयाचे, हे तेथल्या गुरुजींना कळते. ज्या शिक्षकाने अशी दहा मुले थोपवून धरली, त्याच्या शाळेची पालकसभा जानेवारीत ओसच दिसणार, आणि सहभागाचे गुण कमी पडणार.

राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान असलेल्या सिंदखेड राजास दरवर्षी १२ जानेवारीला मोठी यात्रा भरते. मातेने मूल घडवावे याविषयी त्या दिवशी व्यासपीठांवरून पुष्कळ बोलले जाते, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक माता तेव्हा फडात मोळी बांधीत असतात. गळिताचा हंगाम आटोपून त्या परततात तो फाल्गुन-चैत्र उजाडतो. पाचटाने कापलेले हात, बरोबर धाकटे मूल, आणि घराचे कुलूप उघडताच प्रथम पाण्याची सोय. एप्रिलच्या ‘पहिले पाऊल’ मेळाव्याचा निरोप तोवर अंगणवाडीच्या बाईंनी आजीपाशी ठेवलेला असतो. तो निरोप तक्रारीचा नसून आमंत्रणाचा आहे हे आजीने नीट सांगितले, आणि मेळावा संध्याकाळी ऊन उतरल्यावर ठेवलेला असला, तर त्या येतात.